होळीचा जाळ आणि चेहऱ्यावरचा उजेड

(धडगाव येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



'हाय डायनॅमिक रेंज', म्हणजेच एचडीआर, हे शब्द आजकाल टीव्हीच्या खोक्यावर, मोबाइलच्या जाहिरातीत आणि चित्रपट दाखवणाऱ्या ॲपवर सर्रास दिसतात. दुकानात त्यांचा अर्थ 'जास्त चकचकीत चित्र' असा सांगितला जातो. हा अर्थ अपुरा आहे आणि त्यामुळे आपली दिशाभूल होते, असे माझे म्हणणे आहे. डायनॅमिक रेंज म्हणजे एकाच दृश्यातल्या सर्वांत काळोख्या आणि सर्वांत उजळ जागेमधले असे अंतर, ज्यात दोन्ही टोकांचा तपशील शाबूत राहतो. हे अंतर पडद्यावर तयार होत नाही. चित्रण होते त्या क्षणी कॅमेऱ्याने ते पकडलेले असते किंवा कायमचे गमावलेले असते. म्हणून एचडीआरसाठी कॅमेरा कसा हवा, हे टीव्हीच्या दुकानात ठरवता येणार नाही. ज्या उजेडाचे चित्रण करायचे त्या उजेडाला विचारून ते ठरवावे लागेल. असा प्रश्न विचारायला सातपुड्यातल्या होळीच्या रात्रीइतकी कठीण आणि योग्य जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

आधी मोजमाप करू. पृष्ठभागाची उजळता 'निट' या एककात मोजतात. मेणबत्तीच्या ज्योतीची उजळता सुमारे १०,००० निट असते. लाकडाच्या मोठ्या जाळाचा भडक गाभाही साधारण याच पट्टीतला धरू. या जाळापासून काही पावलांवर बुध्या, म्हणजे होळीचे व्रत धरून कमरेला घुंगरू बांधून नाचणारा माणूस, आहे. त्याच्या सावळ्या चेहऱ्यावर जाळाचा जो उजेड पडतो, त्यातून चेहऱ्याची उजळता जेमतेम एक-दीड निट भरते. अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी आहे. ते ठिपके त्वचेपेक्षा चौपट-पाचपट उजेड परतवतात. त्याच्या मागे डोंगर आहे. होळी फाल्गुनी पौर्णिमेची, त्यामुळे डोंगरावर चांदणे आहे, पण चांदण्यातल्या डोंगराची उजळता निटच्या शंभराव्या भागाहूनही कमी. उजेड दुप्पट झाला की छायाचित्रणाच्या भाषेत एक स्टॉप वाढतो. जाळ आणि चेहरा यांच्यात दहा हजारपट फरक, म्हणजे तेरा स्टॉपहून थोडे जास्त. जाळ आणि चांदण्यातला डोंगर यांच्यात दहा लाखपट किंवा त्याहूनही जास्त, म्हणजे निदान वीस स्टॉप. आपला डोळा जाळावरून डोंगराकडे वळताना स्वतःला जुळवून घेतो, म्हणून तिथे उभ्या माणसाला दोन्ही दिसतात. कॅमेऱ्याला मात्र एका चौकटीत, एकाच वेळी, एकाच एक्स्पोजरमध्ये हे सारे मावायला हवे.

हा प्रश्न फक्त रात्रीचा आहे असे नाही. चैत्र-वैशाखात धडगाव तालुक्यात घरोघरी कैऱ्या सोलून, फोडी करून आमचूरसाठी वाळत घातल्या जातात. भर उन्हात पसरलेल्या पांढऱ्याफटक फोडींची उजळता पंचवीस-तीस हजार निटपर्यंत जाते. त्याच अंगणाकडे उघडणाऱ्या दारातून आत पाहिले, तर कुडाच्या घरात कैरी सोलत बसलेल्या बाईच्या चेहऱ्यावर एक-दोन निट. पुन्हा तेरा-चौदा स्टॉप. साधा व्हिडिओ कॅमेरा इथे दोनच पर्याय देतो: बाई दाखवा आणि दाराबाहेर पांढरा डाग ठेवा, किंवा आमचूर दाखवा आणि बाईची काळी आकृती करा. आजवर बहुतेक वेळा दुसरा पर्याय निवडला गेला आहे, आणि आदिवासी जीवनाच्या चित्रणात माणसांचे चेहरे काळवंडलेले का दिसतात याचे एक मोठे कारण तिथे आहे.

हे नुकसान किती खोल आहे हे समजण्यासाठी फिल्म आणि व्हिडिओ यांची तुलना करायला हवी. माझ्या मुद्द्याचा सर्वांत भक्कम पुरावा तिथेच आहे. फिल्मच्या निगेटिव्हवर साधारण बारा-तेरा स्टॉपचा उजेड उतरत असे. त्यावरून काढलेल्या प्रिंटमध्ये यातले थोडेच दिसे, पण बाकीचे निगेटिव्हमध्ये सांभाळलेले राही. म्हणून निगेटिव्ह शाबूत असेल, तर साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा चित्रपट आज नव्याने स्कॅन करून एचडीआरमध्ये दाखवता येतो. व्हिडिओची गोष्ट वेगळी होती. दूरचित्रवाणीचा पारंपरिक सिग्नल सुमारे १०० निटच्या पडद्यासाठी आखलेला होता. १९९० साली ठरलेले बीटी.७०९ हे मानकही त्याच जगातले. उजेडाचे सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या त्याच्या वक्ररेषेत नीट मावणारा आवाका सहा स्टॉपच्या आसपास. त्यापलीकडचा उजेड टेपवर उतरतच नसे, शंभर टक्क्यांवर सपाट पांढरा होऊन जाई. आता काळाचा योग पाहा. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रातली ३३ गावे बुडिताखाली आली. ती गावे उठत होती ती १९८० नंतरची दशके नेमकी व्हिडिओ टेपची होती. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा 'अ नर्मदा डायरी' हा माहितीपट १९९५ मध्ये पूर्ण झाला, त्या काळातल्या अशा कामांमुळेच ते जग डोळ्यांसमोर राहिले, आणि त्यांचे ऋण मोठे आहे. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. त्या पिढीच्या टेपवर जे आकाश पांढरे झाले आणि जो चेहरा काळा झाला, तो कोणत्याही यंत्राने परत येणार नाही. नर्मदेकाठचे ते अंगण पाण्याखाली आहे, पुन्हा जाऊन चित्रण करणे शक्य नाही. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये धरण प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरले, त्यानंतर तर नाहीच.

म्हणजे कॅमेऱ्याचा आवाका ही चैनीची बाब उरत नाही. दस्तऐवजात किती सत्य साठते, याचे ते माप ठरते. पडद्याची बाजू आता पुष्कळ पुढे गेली आहे. २०१४ साली चित्रपट-दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या एसएमपीटीई या संस्थेने एसटी २०८४ हे मानक आणले. त्यातली पीक्यू नावाची वक्ररेषा माणसाच्या डोळ्याला फरक कधी जाणवतो या अभ्यासावर बेतलेली असून थेट १०,००० निटपर्यंत जाते. बीबीसी आणि जपानची एनएचके यांनी एचएलजी ही दुसरी वक्ररेषा घडवली, जिचा सिग्नल जुन्या धाटणीच्या टीव्हीवरही बऱ्यापैकी दिसतो. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने बीटी.२१०० मध्ये दोन्हींना मान्यता दिली. मेणबत्तीची ज्योत आणि मानकाची वरची मर्यादा दोन्ही १०,००० निटच असाव्यात, हा योगायोग असला तरी होळीचा विचार करताना तो मला महत्त्वाचा वाटतो. जाळ जाळासारखा दाखवण्याची भाषा आता अस्तित्वात आहे. त्या भाषेत बोलण्याजोगे कॅमेऱ्याने टिपले आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

कॅमेऱ्याचा सेन्सर कसे काम करतो हे समजायला मोहाच्या झाडाखाली जाऊ. फुले रात्रभर गळतात. समजा झाडाखाली हजारो सारख्या टोपल्या मांडल्या. सेन्सरवरचा प्रत्येक प्रकाशबिंदू ही अशी एक टोपली आणि उजेडाने सुटणारे इलेक्ट्रॉन ही फुले. दाट फांदीखालची टोपली काठोकाठ भरली की पुढची फुले सांडतात, त्यांची गणती होत नाही. हेच जाळाचे 'बर्न' होणे. विरळ फांदीखालच्या टोपलीत चार-सहा फुले पडतात, पण तळाशी आधीच पाचोळा आहे, आणि फूल कोणते, पाचोळा कोणता हे कळत नाही. हा पाचोळा म्हणजे नॉइज, अंधारात खदखदणारे ते दाणे. टोपलीत तीस हजार इलेक्ट्रॉन मावत असतील आणि पाचोळा दोन इलेक्ट्रॉनइतका असेल, तर आवाका पंधरा हजारपट, म्हणजे चौदा स्टॉपला जरा कमी. मोठ्या सेन्सरवर टोपल्या मोठ्या असतात, म्हणून त्यांचा आवाका सहसा जास्त. काही कॅमेरे प्रत्येक टोपली एकाच वेळी दोन वेगवेगळ्या तराजूंत मोजतात, एक थोड्या फुलांसाठी, एक भरगच्च ढिगासाठी, आणि मग दोन्ही मापे जोडतात. २०१० साली आलेल्या ॲरी ॲलेक्साने याच मार्गाने चौदा स्टॉप गाठले, आणि २०२२ च्या ॲलेक्सा ३५ साठी कंपनी सतरा स्टॉप सांगते.

मात्र स्टॉपच्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. संकेत (खऱ्या उजेडाचे माप) आणि नॉइज समसमान असतील तिथपर्यंतचा अंधार मोजणारा निर्माता आणि संकेत नॉइजच्या दुप्पट असावा असा आग्रह धरणारा निर्माता, यांचा एकाच कॅमेऱ्याचा आकडा एक स्टॉप किंवा त्याहूनही जास्त फरकाने वेगळा येतो. संकेत आणि नॉइज समसमान असलेल्या जागी माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. होळीच्या दृश्यात आपल्याला लागणारा खालचा भाग हा चेहऱ्यांचा भाग आहे, काळोख्या भिंतीचा नव्हे. म्हणून कॅमेरा भाड्याने घेण्याआधी त्याच्या कागदावरचे स्टॉप वाचण्यापेक्षा सावळ्या चेहऱ्याचे अंधुक उजेडात चित्रण करून ते एचडीआर पडद्यावर पाहावे. एचडीआरमध्ये काळोखातले दाणे जुन्या टीव्हीपेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतात. दूरसंचार संघाच्या बीटी.२४०८ या अहवालात पांढऱ्या कागदाची पातळी २०३ निट धरली आहे, आणि त्वचेच्या गोऱ्या, मध्यम आणि गडद छटांसाठी वेगवेगळ्या पातळ्या सांगितल्या आहेत. ही गोष्ट छोटी वाटेल. पण अनेक दशके रंगीत फिल्म आणि छपाई गोऱ्या चेहऱ्याच्या संदर्भपत्रावरून जुळवली जात होती, हे ध्यानात घेतले तर तांत्रिक अहवालात गडद त्वचेला स्वतःची पातळी मिळणे याचे मोल कळते.

दुसरी अट बिटांची. ८ बिटांत २५६ पायऱ्या असतात, १० बिटांत १,०२४. लॉग वक्ररेषा प्रत्येक स्टॉपला साधारण सारखी जागा देते. चौदा स्टॉप १० बिटांत भरले तर प्रत्येकाला सत्तरेक पायऱ्या मिळतात, ८ बिटांत अठराच. अठरा पायऱ्यांत पहाटेचे आकाश उतरवले की त्यावर पट्टे उमटतात. म्हणूनच बीटी.२१०० मध्ये निदान १० बिट धरले आहेत, आणि नेटफ्लिक्ससारखी कंपनी स्वतःच्या निर्मितीसाठी निदान १० बिटांचे लॉग किंवा रॉ (सेन्सरचे कच्चे) चित्रण मागते. ही अट मी टाळता न येणारी मानतो. सेन्सर कितीही चांगला असो, ८ बिटांच्या फाइलमध्ये त्याचे धन मावत नाही.

तिसरी अट रंगाची, आणि होळीत हीच सर्वांत आधी मोडते. लाकडाच्या जाळाचा रंग १,९०० केल्विनच्या आसपास असतो, म्हणजे त्यात लाल भरपूर आणि निळा अगदीच थोडा. कॅमेऱ्यातला उजळतेचा मीटर 'अजून जागा आहे' म्हणत असतो, तोवर लाल वाहिनी भरून सांडलेली असते. मग जाळाचा केशरी रंग पिवळा होतो, पिवळ्याचा पांढरा. आणि निळ्या वाहिनीला उजेडच कमी मिळाल्याने चेहऱ्यावर निळसर दाणे नाचतात. म्हणून झेब्रा, म्हणजे जास्त उजळ भागावर पट्टे दाखवणारी सोय, पुरेसा नाही. लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे आलेख दाखवणारा 'परेड' पाहत एक्स्पोजर ठरवावे लागते. बुध्याच्या टोपावरच्या मोरपिसाचा प्रश्नही इथलाच. त्याचा निळा-हिरवा रंग रंगद्रव्यातून येत नाही, पिसाच्या सूक्ष्म रचनेतून येतो, म्हणून तो फार शुद्ध असतो. बीटी.७०९ चे रंगक्षेत्र दृश्य रंगपटाचा सुमारे ३६ टक्के भाग व्यापते, एचडीआरमध्ये वापरल्या जाणाऱ्या बीटी.२०२० चे सुमारे ७६ टक्के. बुध्याच्या टोपावरचा मोर जुन्या चित्रणात फिकट पडतो तो या कुंपणामुळे.

भिंगाबद्दल थोडक्यात. जाळ चौकटीत असला की त्याचा उजेड भिंगातल्या काचांवर आपटून चित्रभर पसरतो आणि काळोखावर पांढरट साय धरतो. सतरा स्टॉपचा सेन्सर धुळकट फिल्टरमागे दहा-अकरा स्टॉपचा होतो. नाचणाऱ्यांच्या पायांनी उडालेली माती दर अर्ध्या तासाने काचेवरून पुसणे, हे कॅमेरा बदलण्याहून स्वस्त आणि काही वेळा जास्त परिणामकारक आहे.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप खिशातल्या फोनचा. २०२० च्या आयफोन १२ सारखे फोन १० बिटांचे एचडीआर चित्रण करतात, मग एवढा खटाटोप कशाला? हा आक्षेप हलका नाही. धडगावच्या होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजारात आज सर्वांत जास्त चित्रण फोननेच होते, आणि त्यातले पुष्कळ उद्या मोलाचे ठरेल. पण फोनच्या टोपल्या फार लहान असतात. ही उणीव तो दोन प्रकारे भरून काढतो. काही फोन वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या चौकटी जोडतात, आणि दोन चौकटींच्या मधल्या क्षणात ढोलाची काठी पुढे गेलेली असते, म्हणून तिची भुताटकी सावली उरते. बहुतेक फोन चेहरा परस्पर उजळतात आणि आकाश परस्पर गडद करतात. हा निर्णय फाइलमध्ये शिजवलेला असतो, मागे घेता येत नाही. अलीकडे काही फोनवर लॉग चित्रणाची सोय आली आहे, २०२३ च्या आयफोन १५ प्रोपासून तर उघडच. ती सोय असेल तर वापरावी. फोन वापरू नये असे मी म्हणत नाही, त्याने स्वतः निर्णय घेऊ नये असे म्हणतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा. सेकंदाला २४० मेगाबिटने लिहिणारा कॅमेरा तासाला सुमारे १०८ जीबी जागा खातो. आठ तासांची रात्र जवळपास ८६४ जीबी, आणि तिची दुसरी प्रत धरली तर दुप्पट. शिवाय बॅटऱ्या, आणि डोंगरपाड्यावर त्या भरायची सोय. हा खर्च खरा आहे. पण सगळी रात्र त्या प्रतीने टिपण्याची गरज नाही. पाळणी, म्हणजे व्रताचे नियम, पाळणाऱ्यांची सजावट, फेर, होळीचा बांबू उभा राहणे आणि होळी पेटणे एवढे नीट टिपावे, बाकीचे साध्या पद्धतीने. 'इथे एचडीआर टीव्ही कोणाकडे आहे?' असेही विचारले जाईल. रुंद आवाक्याच्या चित्रणातून साध्या मोबाइलसाठी प्रत कधीही काढता येते, उलट दिशेने मात्र जाता येत नाही. निगेटिव्ह आणि प्रिंटचे जे नाते होते तेच इथे आहे.

तिसरा आक्षेप असा: कमी पडतो तो उजेडच ना, मग दिवे लावा. तंत्राच्या दृष्टीने हे बरोबर आहे, चेहऱ्यांवर दिवा टाकला की तेरा स्टॉपचे आठ होतात. पण मग जे उरते ती होळी नव्हे. व्रत धरून, पाळणी सांभाळून आलेला माणूस चित्रीकरणातले पात्र होतो, आणि ज्या जाळाभोवती सारे जमले त्याचा मान दिवा घेतो. मोठ्या होळ्यांवर हॅलोजनचे झोत आधीच पोहोचले आहेत, त्यात कॅमेऱ्यांनी भर घालू नये. याच ओघात एक गोष्ट सांगायलाच हवी. अंधारात पाहू शकणाऱ्या कॅमेऱ्यासमोर माणसाला अंधाराचा आडोसा उरत नाही. परवानगी विचारण्याची जबाबदारी त्यामुळे वाढते.

चौथा आक्षेप मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. अंधार अंधारासारखा राहू द्यावा, प्रत्येक कोपरा दाखवण्याचा हट्ट कशाला? यावर उत्तर असे की एचडीआर अंधार उजळवत नाही. साध्या चित्रणात चेहरा दिसावा म्हणून सगळे चित्र वर उचलावे लागते, आणि रात्र राखाडी होते. रुंद आवाक्यात चेहरा एक-दोन निटवरच ठेवता येतो, कारण शेजारचा जाळ हजार निटवर असतो आणि डोळा त्या तुलनेनेच रात्र ओळखतो. सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगराच्या यात्रेतल्या धनत्रयोदशीच्या रात्रीचा विचार करा. चंद्र नाही, डोंगरवाटेवर फक्त हातातल्या पेटत्या मशाली. तिथे काळोख खराखुरा काळा राहिला तरच उजेडाची ती रांग डोंगर चढताना दिसेल.

तरीही वीस स्टॉपचा हिशेब शिल्लक राहतोच. जाळ, चेहरा आणि चांदण्यातला डोंगर एका चौकटीत नीट मावेल असा कॅमेरा आज माझ्या माहितीत नाही. त्याचा तोडगा यंत्राने दिलेला नाही, परंपरेने दिला आहे. शेजारच्या अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी रात्रभराच्या नाचानंतर पहाटे पेटते. सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांवर येतो तेव्हा जमिनीवर सुमारे साडेतीन लक्स उजेड असतो, चांदण्याच्या दहापटीहून जास्त. डोंगर वर येतो, आकाशाला रंग चढतो, आणि जाळाचा दिमाख अजून ओसरलेला नसतो. वीस स्टॉपचे दृश्य पंधरा-सोळावर उतरते. सूर्योदयाआधीचा तेवढाच वेळ असा असतो की चांगल्या कॅमेऱ्यात जाळ, माणूस आणि सातपुडा तिन्ही बसतात.

म्हणून इथल्या तरुण चित्रणकारांना माझी विनंती आहे. येत्या फाल्गुनात बॅटरी आणि कार्डातली जागा पहाटेच्या त्या वेळेसाठी राखून ठेवा. १० बिट आणि लॉग लावा, लाल वाहिनी सांडू देऊ नका, काच पुसा, आणि बुध्याच्या चेहऱ्यावर दिवा टाकू नका. आणि मूळ फाइल, रंग न बदलता, कापाकापी न करता, दोन ठिकाणी ठेवा. त्यातली एक प्रत गावात राहू द्या.